जुन्या अँड्रॉइडला किती दिवस सांभाळायचं?

वारणाकाठी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी आणि माझा मेव्हणा मिळून दूध संकलन केंद्रांसाठी एक अ‍ॅप चालवतो. दूध आलं की उत्पादकाचा नंबर टाकायचा, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) भरायचं, दरपत्रकावरून दर निघतो, छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर पावती येते. दर दहा दिवसांनी बिल. वाळवा, शिराळा, पन्हाळा या भागात बहुतेक केंद्रं. २०१७ ला सुरू केलं तेव्हा अँड्रॉइड ५ पासून पुढे चालेल असं ठरवलं, म्हणजे मिन एसडीके २१. ते आजतागायत तसंच आहे.

गेल्या आठवड्यात लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेले आयते कोड) अपडेट करायला घेतल्या तर बिल्डच होईना, म्हणजे कोडचं अ‍ॅपच बनेना. गूगलच्या अँड्रॉइडएक्स या संचातल्या नव्या लायब्रऱ्यांनी २०२५ मध्ये किमान पातळी २३ केली, म्हणजे अँड्रॉइड ६. आता मेव्हणा म्हणतो, हात घातलाच आहे तर सरळ २६ करू, अँड्रॉइड ८ च्या खालचं सगळं बंद. 'व्हर्जन अमुक असेल तर असं, नाहीतर तसं' अशा अटी कोडभर पसरल्यात, त्यातल्या निम्म्या निघून जातील हे खरं आहे. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानावर, पाहिलं तर ८ च्या खालचे फोन शंभरात जेमतेम चार.

पण हात धजत नाही. तुम्ही मंडळी कसं ठरवता? कुठपर्यंत मागे जाता?

बग_बहाद्दर | सोमवार, रात्री ९:५८

चार टक्के? विचार कसला करताय, उद्याच बंद करा.

८ च्या खाली गेलं की तारीख-वेळेची नवी लायब्ररी थेट मिळत नाही, डीशुगरिंगचा, म्हणजे नवा कोड जुन्या फोनला समजेल असा बदलून घेण्याचा, खटाटोप. नोटिफिकेशन चॅनल (सूचनांचे वेगवेगळे गट) नाहीत. बॅकग्राउंडचे नियम वेगळे. प्रत्येक गोष्ट दोनदा लिहा, दोनदा तपासा, आणि माणसं किती, तर दोन. तेवढ्या वेळात दहा नवी केंद्रं जोडाल.

चकली | सोमवार, रात्री १०:०३

अँड्रॉइड ५ चा फोन अजून चालतोय? मॉडेल सांगा हो. माझा दोन वर्षांत मान टाकतो.

सागरगोटा | सोमवार, रात्री १०:१५

माझा या क्षेत्राशी संबंध नाही, पण विषय रोजच्या जगण्यातला वाटला म्हणून विचारते. मिन एसडीके म्हणजे नक्की काय? आणि ते बदललं की जुन्या फोनमधलं अ‍ॅप आपोआप उडतं का?

मुक्ता_नाशिक | सोमवार, रात्री १०:४१

@सागरगोटा, उडत नाही. बसवलेलं अ‍ॅप तसंच राहतं, फक्त पुढचे अपडेट येणं थांबतं.

प्रत्येक अँड्रॉइड व्हर्जनला एक आकडा असतो. अँड्रॉइड ६ म्हणजे २३, ८ म्हणजे २६, १३ म्हणजे ३३, १५ म्हणजे ३५. मिन एसडीके म्हणजे या आकड्याच्या खालच्या फोनवर हे अ‍ॅप बसणार नाही. दुसरा आकडा टार्गेट एसडीके. त्याचा अर्थ, 'मी या व्हर्जनचे नियम वाचलेत, मला ते लावा' अशी सही. सही केली नाही तर नव्या फोनवरही बऱ्याच बाबतीत जुने नियम लागतात.

मिन कितीही खाली ठेवा, गूगल सहसा विचारत नाही. टार्गेटचं मात्र दरवर्षी मानगुटीवर बसतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवं अ‍ॅप किंवा अपडेट प्ले स्टोअरवर टाकायचं तर टार्गेट ३५ लागतं. मी गेली अकरा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. माझ्या वहीतले निम्म्याहून जास्त बग नव्या अँड्रॉइडवरचे आहेत, जुन्यावरचे नाहीत. जुना फोन बदलत नाही हो. एकदा चाललं की चाललं.

बग_बहाद्दर | सोमवार, रात्री १०:५०

@मुक्ता, एकदा चालवायला किती रात्री गेल्या तेही वहीत असेल ना? :)

उंटावरचा_शहाणा | सोमवार, रात्री ११:२०

धागाकर्त्याने 'शंभरात चार' म्हटलं आणि सगळे त्या चारवर तुटून पडले. चार काय? चार फोन. फोनच्या मागे माणसं किती ते कोण मोजणार?

उत्पादकाच्या खिशातला फोन असेल आणि तो त्यावर फक्त आपलं बिल बघत असेल तर एका फोनमागे एक घर. तोच फोन केंद्रातल्या टेबलावर काट्याशेजारी ठेवलेला असेल तर एका फोनमागे दीडशे-दोनशे घरं. तो बंद पडला तर सकाळी साडेसहाला रांगेतले लोक किटल्या घेऊन उभे. आणि माझा अनुभव असा की दुकानात, केंद्रात, गिरणीत ठेवलेला फोन हा नेहमी घरातला सगळ्यात जुना फोन असतो. पोराने नवा घेतला की जुना टेबलावर.

आधी ते चार कोण ते बघा, मग आकडा ठरवा.

वारणाकाठी | सोमवार, रात्री ११:३४

@उंटावरचा_शहाणा, हेच डोक्यात घोळत होतं, शब्दांत सांगता येत नव्हतं. लॉग (वापराच्या नोंदी) काढून बघतो.

निवृत्त_काका | मंगळवार, सकाळी ६:१०

मी वापरणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. माझा फोन अँड्रॉइड ७ चा. बॅटरी बदलून घेतली, काचेला तडा नाही, आवाज खणखणीत. पण एके दिवशी बँकेचे अ‍ॅप उघडले तर पूर्ण पडदाभर सूचना, 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, अपडेट करा'. बटण दाबले. प्ले स्टोअर उघडले. तिथे लिहिलेले, तुमच्या डिव्हाइसशी हे सुसंगत नाही. मागे आलो. पुन्हा 'अपडेट करा'. पुन्हा तेच. दिवसभर मी हा खेळ खेळलो. शेवटी शाखेत गेलो तर तिथल्या मुलीने सांगितले, काका, अ‍ॅप अपडेट करा.

बँकेचे नाव घेत नाही. माझे पेन्शन तिथे आहे.

चकली | मंगळवार, सकाळी ८:०२

काका __/\__

बग_बहाद्दर | मंगळवार, सकाळी ९:१५

काका, राग मानू नका, पण यात मी बँकेच्या बाजूने आहे. अँड्रॉइड ७ ला सुरक्षेचे पॅच येणं कधीचंच थांबलंय. त्या फोनवर पैशाचे व्यवहार होऊ देणं म्हणजे दाराला कडी नसताना तिजोरी ठेवणं.

निवृत्त_काका | मंगळवार, सकाळी ९:४०

मान्य. अगदी मान्य. मग तसे सांगा की! 'तुमचा फोन जुना झाला, या तारखेनंतर अ‍ॅप चालणार नाही' एवढे वाक्य लिहायला काय पैसे पडतात? 'अपडेट करा' कशाला म्हणता, जर अपडेट मिळणारच नसेल?

मुक्ता_नाशिक | मंगळवार, सकाळी १०:२२

काकांनी ज्यावर बोट ठेवलंय तो बग मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलाय. सक्तीच्या अपडेटचा पडदा लिहिणारा फक्त अ‍ॅपचं व्हर्जन तपासतो, फोनचं तपासतच नाही. त्याच्या स्वतःच्या फोनवर तो पडदा नीट चालतो, मग कोणाला शंका येणार?

@वारणाकाठी, तुम्ही मिन वाढवणार असाल तर हे आधी करा, म्हणजे आत्ता, जुना मिन असतानाच्या शेवटच्या व्हर्जनमध्ये. फोन अमुक व्हर्जनच्या खाली असेल तर वेगळा निरोप, आणि तो निरोप सर्व्हरवरून बदलता आला पाहिजे. एकदा मिन वाढवला की त्या फोनपर्यंत तुमचा शब्द पोचायचा मार्ग बंद.

दुसरं, नवा रिलीज करताना प्ले कन्सोलमध्ये जुना बंडल (अ‍ॅपची फाइल) त्याच रिलीजमध्ये समाविष्ट ठेवता येतो. मग जुन्या फोनवाल्याला जुना मिळतो, बाकीच्यांना नवा. हे न करता पुढे गेलात आणि एखाद्याने फोन फॉरमॅट केला, तर त्याला अ‍ॅप परत मिळणारच नाही. आणि जुनं अ‍ॅप चालू ठेवायचं म्हणजे सर्व्हरनेही जुन्या भाषेत बोलणं चालू ठेवायला हवं, तिथे खर्च आहे.

न्यूजर्सीकर | मंगळवार, रात्री ८:३०

आम्ही आयओएसवाले या बाबतीत सुखी. चालू व्हर्जन आणि मागची दोन, संपला विषय. 'अव्हेलेबल'च्या, म्हणजे व्हर्जन तपासायच्या, अटी आमच्याकडेही लिहाव्या लागतात, स्विफ्टयूआय (पडदे बनवायचं अ‍ॅपलचं साधन) आयओएस १३ पासून आहे पण त्यातलं नेव्हिगेशनचं धड साधन १६ पासून, त्यामुळे १५ सोडेपर्यंत आम्हीही दोन-दोन पडदे सांभाळले. तरी लोक अपडेट पटापट घेतात, त्यामुळे फार ओढून धरावं लागत नाही.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, रात्री ९:०५

लोक पटापट घेतात कारण सगळ्यांना एकाच दिवशी मिळतं. आमच्याकडे गूगल देतं, मग फोनची कंपनी बघू म्हणते, आणि तोवर ते मॉडेल दुकानातून गेलेलं असतं.

न्यूजर्सीकर | मंगळवार, रात्री ९:४८

ते आहेच. पण दुसरी बाजूही सांगतो. माझा जुना आयफोन ६ मी नागपूरला बाबांना दिला. तो १२ च्या पुढे जात नाही, २०१९ ला आयओएस १३ आलं तेव्हाच अ‍ॅपलने ते मॉडेल सोडलं. अ‍ॅप स्टोअर तिथे विचारतं, 'शेवटची सुसंगत आवृत्ती डाउनलोड करायची का?' बाबा हो म्हणतात, अ‍ॅप उतरतं, उघडतं, आणि आत गेल्यावर सर्व्हर म्हणतो, चालणार नाही. मी ऑफिसात मागची दोन व्हर्जनं सोडून बाकी सगळ्यांना कात्री लावतो आणि रविवारी फोनवर बाबांची बोलणी खातो.

चकली | मंगळवार, रात्री ९:५५

बाबांना नवा घेऊन द्या की हो. डॉलरात कमावता.

न्यूजर्सीकर | मंगळवार, रात्री १०:०१

घेऊन दिलाय. कपाटात आहे. 'चांगला आहे, लग्नकार्याला वापरीन' म्हणतात.

तारेवरची_कसरत | बुधवार, सकाळी ११:१०

जुना फोन बदलत नाही, एकदा चाललं की चाललं, असं वर मुक्ताताईंनी लिहिलंय. नव्वद टक्के सहमत. उरलेल्या दहा टक्क्यांनी आमची दिवाळी केली होती, ते सांगतो.

आमचं शाळांसाठी हजेरीचं अ‍ॅप. जुने टॅब, बहुतेक अँड्रॉइड ६ आणि ७.०. २०२४ मध्ये एके सकाळी सगळ्या जुन्या टॅबवर 'नेटवर्क नाही'. नेटवर्क तर आहे. अ‍ॅपमध्ये महिनाभर काहीच बदललेलं नाही. त्याच टॅबवर फायरफॉक्समध्ये आमची साइट व्यवस्थित उघडते, अ‍ॅपमध्ये मात्र नाही. दोन दिवस डोकं फोडलं.

कारण असं निघालं. सर्व्हर खराच आमचा आहे हे फोनला पटवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, फुकट मिळतं म्हणून घेतलेलं. त्यांचं स्वतःचं मूळ सर्टिफिकेट अँड्रॉइड ७.१.१ पासूनच फोनमध्ये असतं. त्याआधीच्या फोनना चालावं म्हणून त्यांनी एका जुन्या संस्थेची सही जोडून ठेवली होती, आणि गंमत म्हणजे त्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ लाच संपलं होतं. पण अँड्रॉइड मूळ सर्टिफिकेटची मुदत बघतच नाही, म्हणून ते तीन वर्षं जास्त चाललं! फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी ही जोडसही नेहमीच्या साखळीतून काढली, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला तिचीही मुदत संपली. आमचं नूतनीकरण या मधल्या काळात आपोआप झालं आणि टॅब मुके झाले. फायरफॉक्स विश्वासू सर्टिफिकेटांची यादी स्वतःजवळ बाळगतो म्हणून तो चालत होता.

उपाय म्हणजे ते मूळ सर्टिफिकेट अ‍ॅपच्या आतच ठेवायचं. ७.० वर एका एक्सएमएल फाइलमध्ये काम होतं. ६ वर ती सोय नाही, तिथे कोड लिहावा लागतो. आणि अ‍ॅपला नेटच नाही, म्हणजे 'अपडेट घ्या' हेही सांगता येईना. मी आणि एक मुलगा नव्या अ‍ॅपची फाइल घेऊन तालुकाभर शाळाशाळांत फिरलो.

बग_बहाद्दर | बुधवार, सकाळी ११:२५

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. बंद करा.

तारेवरची_कसरत | बुधवार, सकाळी ११:३१

शाळेत जाऊन सांगा मग, टॅब बंद करा म्हणून. मी पत्ता देतो.

भटक्या७७ | बुधवार, दुपारी १:१५

हे सगळं अ‍ॅपचं लफडं कशाला? साइट करून टाका, ब्राउझरमध्ये उघडेल. जुना-नवा प्रश्नच नाही.

मुक्ता_नाशिक | बुधवार, दुपारी १:४०

ब्राउझरही जुन्यांना सोडतो. क्रोमने २०२३ च्या शेवटी अँड्रॉइड ७ सोडलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ८ आणि ९ सुद्धा. म्हणजे धागाकर्त्याचा मेव्हणा क्रोमपेक्षा दयाळू आहे.

वारणाकाठी | बुधवार, दुपारी २:०५

@भटक्या७७, शिराळ्याच्या वरच्या अंगाला सकाळी नेट असेलच असं नाही. दूध नेटसाठी थांबत नाही. नोंद फोनमध्ये व्हायला हवी, नेट आलं की वर जाईल. आणि प्रिंटर.

गोंयकार_पात्रांव | बुधवार, दुपारी ३:३०

प्रिंटरचा विषय निघालाच म्हणून. आमचं म्हापशाला बिलिंगचं काम आहे. अँड्रॉइड ६ ते ११ वर ब्लूटूथ प्रिंटर शोधायचा तर लोकेशनची परवानगी मागावी लागते. दुकानदार विचारतो, 'प्रिंटराक माझो पत्तो कित्याक जाय?' काय सांगणार कप्पाळ. १२ पासून ब्लूटूथची वेगळी परवानगी आली, मग त्यासाठी तिसरा कोड.

आम्ही शोधणंच बंद केलं. फोनच्या सेटिंगमध्ये प्रिंटर एकदा जोडून घ्या म्हणतो, आणि अ‍ॅपमध्ये फक्त जोडलेल्यांची यादी दाखवतो. त्याला जुन्या फोनवर लोकेशन लागत नाही. १२ च्या पुढे एक परवानगी मागावी लागते तेवढीच. व्हर्जनच्या अटींचं अर्धं जंगल त्या एका निर्णयाने साफ झालं, मिन न वाढवता.

वारणाकाठी | बुधवार, दुपारी ३:४४

देव बोरें करूं! हे उद्याच करतो.

अनुस्वार | बुधवार, सायंकाळी ५:५०

सगळे जुन्याला नावं ठेवताहेत, तर नव्याची एक खास मराठी गोष्ट ऐका.

आमचं उधारीच्या वहीचं अ‍ॅप आहे. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक अ‍ॅपला वेगळी भाषा निवडता येते. लोकांचा फोन इंग्रजीत असतो, पण आमचं अ‍ॅप त्यांनी आवडीने मराठीत केलं. आम्ही खूश. मग तक्रारी सुरू झाल्या, रक्कम सेव्ह होत नाही. गंमत म्हणजे काहींची होते, काहींची नाही. पूर्ण रुपये टाकले की होते, पैसे टाकले की नाही!

झालं असं होतं. जावा किंवा कोटलिन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत आकडा फॉरमॅट करताना लोकॅल (कोणती भाषा, कोणता प्रदेश ते) दिला नाही, तर तो चालू भाषेचा घेतो. मराठीसाठी ठरलेले अंक देवनागरी आहेत, हिंदीसाठी मात्र इंग्रजी. म्हणजे १२.५० हे खरोखरच देवनागरी अंकांत सर्व्हरकडे जायचं. आता मजा बघा, जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी अंक विनातक्रार वाचतं. दशांश वाचणारं वाचत नाही, एरर देतं. म्हणून रुपये चालायचे, पैसे पडायचे.

टेस्टिंग आम्ही इंग्रजीत आणि हिंदीत केलेलं. मराठी माणसांनी मराठी अ‍ॅप मराठीत तपासलं नव्हतं. लाज वाटली.

वारणाकाठी | बुधवार, सायंकाळी ६:१२

थांबा थांबा थांबा.

आमच्या दोन केंद्रांची महिनाभर तक्रार आहे की पावतीवर फॅट बरोबर येतं पण बिलात एसएनएफ आणि फॅट शून्य. दोन्हीकडे फोन नवे कोरे. आम्ही 'तुम्ही भरायला चुकताय' असं सांगून मोकळे झालो होतो. लिटर पूर्ण आकड्यात भरतात ते बरोबर जातंय. ३.५ आणि ८.५ मात्र...

मेव्हण्याला फोन लावतो.

वारणाकाठी | बुधवार, रात्री ८:४७

तेच होतं. एकोणीस ठिकाणी लोकॅल न देता फॉरमॅट केलेलं सापडलं. सर्व्हरला जाणाऱ्या आकड्यांना आता लोकॅल ठरवून दिला, पडद्यावरचे मराठीतच ठेवले. @अनुस्वार, तुमचे उपकार कसे फेडू? पत्ता कळवा, चितळेंची नाही पण आमच्या केंद्रावरची बासुंदी पाठवतो.

त्या दोन केंद्रांच्या सचिवांची मात्र उद्या प्रत्यक्ष जाऊन माफी मागायला हवी. एकाला तर मी 'चष्मा लावून भरा' म्हणालो होतो.

अनुस्वार | बुधवार, रात्री ९:००

बासुंदी चालेल. :) पावतीवर देवनागरी कशी छापता हो? आमच्या प्रिंटरला येतच नाही.

वारणाकाठी | बुधवार, रात्री ९:०८

आमच्यालाही येत नाही. अक्षरांचं चित्र बनवून पाठवतो. म्हणून तर पावतीवर आकडे बरोबर दिसत होते, चित्राला काय, काहीही चालतं.

मेव्हणा_स्वतः | बुधवार, रात्री १०:३०

आजच सदस्य झालो, कारण धाग्यावर माझी बदनामी चालू आहे असं कळलं.

दाजींनी अर्धीच गोष्ट सांगितली. अटी काढायच्या एवढ्यासाठी मी २६ म्हणत नाहीये. या वर्षात मला काय काय करावं लागलं ते ऐका. टार्गेट ३५ केल्यावर अँड्रॉइड १५ वर अ‍ॅप काठापासून काठापर्यंत पसरलं. आमचं 'जतन करा' हे बटण खाली, ते फोनच्या तीन बटणांच्या मागे गेलं. सचिव जतन दाबायचा आणि फोन होमवर जायचा. 'अ‍ॅप सेव्ह केलं की पळून जातं' अशी तक्रार आली होती! मग १ नोव्हेंबर २०२५ पासून सोळा केबी पानांची, म्हणजे फोनची मेमरी मोठ्या तुकड्यांत वापरता येण्याची, अट. आमच्या काट्यासाठी एका कंपनीची तयार लायब्ररी वापरतो, ती त्यात बसेना. कंपनीला चार मेल केले, उत्तर नाही. ती लायब्ररी टाकून देऊन काट्याचं वाचन मी स्वतः लिहिलं, दोन आठवडे.

हे सगळं नव्यासाठी. ते माझ्या हातात नाही, गूगल सांगेल ते करावं लागतं. हातात काय आहे? खालची बाजू. म्हणून ती कापू म्हणालो. बाकी मी माणूस वाईट नाही.

उंटावरचा_शहाणा | बुधवार, रात्री १०:४५

स्वागत आहे मेव्हणेसाहेब. तुमचं दुखणं वरचं आहे आणि कात्री खाली लावताय, एवढंच म्हणणं आहे.

मेव्हणा_स्वतः | बुधवार, रात्री १०:५२

दुखतं तिथे कात्री लावायची सोय असती तर लावली असती की.

बग_बहाद्दर | बुधवार, रात्री ११:००

मेव्हणेसाहेबांना पूर्ण अनुमोदन. या धाग्यावर काम करणारा एकच माणूस बोलला.

मुक्ता_नाशिक | गुरुवार, सकाळी ९:३०

मेव्हण्यांच्या कामाबद्दल आदर आहेच. एक विचारते, ८ च्या खालचा खरा फोन तुमच्याकडे हातात आहे का? की सगळं एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनवर? कारण एम्युलेटरला लॅपटॉपची मेमरी असते. १ जीबी रॅमचा टॅब, त्यात गच्च भरलेली स्टोरेज आणि धारोष्ण दुधाच्या वाफेत धूसर झालेली काच, हे तिथे दिसत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कोल्हापुरात कुठेही जुन्या फोनच्या दुकानात दोन फोन मिळतील. लाख बोलण्यापेक्षा ते करा.

सागरगोटा | गुरुवार, दुपारी १२:०५

मला आता माझ्या फोनचं व्हर्जन बघायची भीती वाटतेय.

वारणाकाठी | रविवार, रात्री ९:१५

मंडळी, लॉग काढले. उशीर झाला, फिरतीवर होतो.

८ च्या खालची एकूण सत्तावीस यंत्रं निघाली. त्यातली एकोणीस केंद्रांच्या टेबलावरची. शहाणेसाहेब, तुमचं खरं निघालं. एका केंद्राला सरासरी शंभराच्या वर उत्पादक धरून जो आकडा आला तो मेव्हण्याला मी मोठ्याने वाचून दाखवला, तो काही बोलला नाही. अँड्रॉइड ५ वर मात्र फक्त दोन, एक फोन आणि एक टॅब.

ठरलं असं. मिन २३, कारण त्याला इलाज नाही. २६ आत्ता नाही. पुढच्या महिन्यात एक व्हर्जन काढतोय, त्यात जुन्या फोनसाठी वेगळा निरोप, काकांच्या शब्दांत, तारखेसकट. प्रिंटरचं गोव्याच्या पद्धतीने केलं, खरंच जंगल साफ झालं. मूळ सर्टिफिकेट अ‍ॅपमध्ये घातलं. मेव्हण्याला शब्द दिलाय की केंद्रांवरचे एकोणीस बदलले की त्या दिवशी २६. त्याने तारीख मागितली, मी ती दिली नाही.

अँड्रॉइड ५ च्या दोन्ही यंत्रांना आम्ही आमच्या खर्चाने जुने पण ९ चे फोन दिले. फोनवाल्याने लगेच घेतला. टॅबवाले सचिव तयारच होईनात. म्हणाले, याचा काय दोष? रोज पहाटे उठतो, कधी खाडा नाही. मी तासभर बसलो, चहा झाला, दोन उत्पादक मध्ये येऊन दूध घालून गेले, त्यांच्या पावत्या त्याच टॅबवर निघाल्या. काच कोपऱ्यात फुटलेली, तिथे चिकटपट्टी, आकड्यांच्या जागी बोटं फिरून फिरून काच घासून पांढरी झालेली. शेवटी नवा फोन शेजारी ठेवला आणि दोन्हींवर नोंद करून दाखवली. मग म्हणाले, ठेवा.

निवृत्त_काका | रविवार, रात्री ९:४०

उत्तम केलेत. आणि त्या टॅबचे काय केले?

मेव्हणा_स्वतः | रविवार, रात्री ९:५२

माझ्या टेबलावर आहे. मुक्ताताई, टेस्टिंगला. आज त्यावर दोन बग सापडले.